बालस्वर-विकार प्रश्नावलीचे लिथुआनियन रूपांतर

मुलाच्या बिघडलेल्या आवाजाचा त्याच्या रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो, हे पालकांना विचारून मोजण्याचे साधन लिथुआनियन भाषेत आणण्याचे काम. याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ‘पीडियाट्रिक व्हॉइस हँडिकॅप इंडेक्स’. प्रौढांसाठी 1997 मध्ये तयार झालेल्या 30 प्रश्नांच्या निर्देशांकावरून अमेरिकेत 2007 मध्ये तो बेतला गेला. त्यात 23 विधाने आहेत: 7 व्यवहाराची, 9 शारीरिक त्रासाची, 7 भावनिक. ‘कधीच नाही’ला 0 आणि ‘नेहमी’ला 4, अशी एकूण 92 पर्यंत गुणसंख्या जाते; गुण जितके जास्त तितका त्रास जास्त.

मुलांचा आवाज घोगरा होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे ओरडण्याने स्वरतंतूंवर येणाऱ्या गाठी. दुर्बिणीने गाठ दिसते, पण वर्गात बाईंना उत्तर ऐकू जात नाही, हे दिसत नाही. ते आईलाच विचारावे लागते, आणि तिच्याच भाषेत.

रूपांतराची रीत ठरलेली आहे. दोघे जण स्वतंत्रपणे भाषांतर करतात, दोन्ही मसुदे जुळवले जातात, मूळ न पाहिलेला माणूस ते उलट इंग्रजीत नेतो, तज्ज्ञ फरक तपासतात आणि मग थोड्या पालकांवर चाचणी होते. खरी कसोटी मात्र शब्दांची. लिथुआनियनमध्ये ‘बाल्सस’ म्हणजे माणसाचा आवाज. इतर कोणत्याही ध्वनीला ‘गार्सस’ हा वेगळा शब्द आहे. मराठीत दोन्हींना ‘आवाज’च म्हणतात, त्यामुळे ही सोय आपल्याकडे नाही. उलट, लिंगाची अडचण तिथे अधिक. मूल या अर्थाचा ‘वाइकस’ हा शब्द पुल्लिंगी आहे. आवाज बसलेला मुलगा ‘उझ्किमॅस’, तर मुलगी ‘उझ्किमुसी’. मुलीच्या आईने पुल्लिंगी वाक्ये वाचत जायची का, हा प्रश्न किरकोळ नाही. मराठीत नपुंसकलिंगी ‘मूल’ ही अडचण बरीच हलकी करते. ‘हँडिकॅप’ला सरळ प्रतिशब्द ‘नेईगालूमस’, म्हणजे अपंगत्व. नुसता घोगरा आवाज असलेल्या मुलाच्या पालकांपुढे हा शब्द ठेवताना फार विचार करायला हवा.

मग आकडे येतात. विकार असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या पालकांचे गुण ताडून पाहतात, थोड्या दिवसांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतात, आणि प्रश्न एकमेकांशी किती जुळतात हे ‘क्रोनबाख अल्फा’ने मोजतात, 0.7 च्या वरचे मूल्य साधारणपणे समाधानकारक मानतात. निरोगी आणि बाधित यांतील सीमागुणही त्या भाषेच्या नमुन्यावरूनच काढावा लागतो; परक्या भाषेतला आकडा उचलून चालत नाही.

पालकांचे उत्तर म्हणजे मुलाचे उत्तर नव्हे, ही या साधनाची मोठी उणीव आहे. म्हणून इटलीत 2013 मध्ये मुलांनी स्वतः भरायची 10 प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली. तिच्यासारख्या प्रश्नावलीत शब्द शाळकरी मुलाला कळतील इतके सोपे लागतात, आणि तिथे भाषांतरकाराचे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.