पार्श्वभूमी : खिडकीचं दार आत की बाहेर?

खिडकीच्या बिजागऱ्या घ्यायला नाशिकमधल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात गेलात तर दुकानदार आधी माप विचारतो, मग लोखंडी, पितळी की एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टील, ते विचारतो. दार आत उघडतं की बाहेर, हे सहसा कुणी विचारत नाही. वास्तविक बिजागरी, स्क्रू, खिट्टीची जागा, हूक लागणार की नाही, सगळं त्या एका उत्तरावर अवलंबून असतं. आणि आपल्याकडे हे उत्तर गेल्या साठ-सत्तर वर्षांत पार उलटं झालं आहे.

त्याआधी ‘शटर’ या शब्दाबद्दल. घरातल्या माणसाला शटर म्हटलं की दुकानाचं खडखडत वर जाणारं पत्र्याचं शटर आठवतं. सुताराचं शटर म्हणजे खिडकीचं दार, मग त्यात फळी असो की काच. सुतार चुकत नाही. लाकडी खिडक्यांसाठीच्या भारतीय मानकातही, क्रमांक १००३, भाग २, हाच अर्थ आहे. मराठीत झडप हा चांगला शब्द असताना तो फक्त मांजरासाठी का ठेवायचा, कळत नाही. इथे झडपच म्हणतो.

वाड्यांच्या काळात आत-बाहेर असा प्रश्नच नव्हता. झडप आत उघडायची. जुन्या नाशकात किंवा पंचवटीत जे वाडे अजून उभे आहेत, त्यांच्या खिडक्या बघाव्यात. भिंत दीड-दोन हात जाड, चौकट बाहेरच्या अंगाला, मध्ये गज, आणि उघडलेली झडप भिंतीच्या जाडीतच मावते. खोलीची वीतभर जागाही अडत नाही. जुन्या पद्धतीत बिजागरीसुद्धा नसे. झडपेच्याच कडेला वर-खाली लाकडी खुंट्या ठेवायच्या आणि त्या चौकटीतल्या भोकांत फिरवायच्या. बंद करायला आडवा अडसर, नाहीतर कडी-कोयंडा. गंजायला फार काही नव्हतंच.

लोखंडी बिजागरी लोहाराकडून यायची. आज आपण जिला साधी बिजागरी म्हणतो, ती कडेत बसणारी दोन पानांची, तिच्या ओतीव लोखंडी रूपाचं पेटंट इंग्लंडात १७७५ मध्ये निघालं. टोकदार लाकडी स्क्रूचं पेटंट अमेरिकेतलं, १८४६ चं. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे धावू लागली आणि मुंबईच्या बंदरात उतरलेला माल इकडे येणं सोपं झालं. देवळालीच्या छावणीतल्या बंगल्यांच्या झिलमिल्या, म्हणजे तिरप्या पट्ट्यांच्या झडपा, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. नाशिकच्या तांब्यापितळेच्या भांड्यांचं नाव मोठं, पण गंमत अशी की खिडकीवरचं पितळ बहुतेक अलिगढचं असतं. आपल्या तांबटांनी हंडे-घंगाळी घडवली, बिजागऱ्यांच्या वाटेला ते फारसे गेले नाहीत.

दिशा फिरली ती निवासी वसाहतींच्या काळात. नाशिक रोडच्या छापखान्यांच्या चाळी, ओझरच्या विमान कारखान्याची वसाहत, सातपूरच्या कारखान्यांमागून उठलेली घरं, मग सिडको. भिंत नऊ इंची विटेची झाली. तेवढ्या भिंतीत झडप मावत नाही, आत उघडली की खोलीत येते. दहा बाय दहाच्या खोलीत खिडकीखाली कॉट आणि शेजारी कपाट असेल तर झडप बाहेरच हवी. वर आरसीसीचा छज्जा आला, त्यामुळे बाहेरची झडप भिजणार नाही असं धरलं गेलं. त्यात पोलादी खिडक्या आल्या. त्यांच्या झडपा बाहेरच उघडायच्या आणि तीच सवय लाकडी खिडकीलाही लागली.

बाहेर उघडणाऱ्या झडपेच्या बाजूने बोलायचं तर एक मुद्दा बिनतोड आहे. पश्चिमेचा वारा पावसासकट आदळतो तेव्हा बाहेर उघडणारी झडप चौकटीच्या खाचेवर, सुतारांच्या भाषेत पतामावर, आणखी घट्ट बसते. आत उघडणारी झडप वारा ढकलतो आणि सगळा भार खिट्टीवर येतो. शिवाय पाणी खालच्या फटीतून आत येऊ नये म्हणून तिच्या तळाला बाहेरून पाणपट्टी, म्हणजे पाणी बाहेर टाकणारी पट्टी, ठोकावी लागते. हे मान्य.

पण त्याची किंमत हार्डवेअरने मोजली. बाहेर उघडणाऱ्या झडपेच्या बिजागरीची पिन असलेली नळी बाहेर राहते, उन्हात, पावसात आणि चोराच्या हाताशी. साधी पिन खालून ठोकली की वर निघते आणि खिट्टी लावलेली झडप अख्खी हातात येते. शिवाय उघडी झडप वाऱ्यात आपटू नये म्हणून हूक आला. पोलादी खिडकीत त्या जागी भोकांची पट्टी होती, पेग स्टे. त्या खिडकीची बिजागरीही मुद्दाम पुढे काढलेली असे, म्हणजे मधल्या फटीतून हात घालून बाहेरची काच पुसता यावी. हा विचार लाकडी खिडकीपर्यंत मात्र आला नाही.

झडप बाहेर गेल्यावर गज-ग्रिल आत आलं. मग ग्रिलमधून हात घालून हूक काढायचा, कोपरापर्यंत भिजत. डास वाढले तशी जाळी आली. तिची वेगळी झडप त्याच चौकटीला, आतल्या बाजूने, म्हणून चौकटीला दुहेरी पताम. एका खिडकीला चारऐवजी आठ बिजागऱ्या, आणि पाऊस आला की आधी जाळी उघडायची, डास आत घ्यायचे, मग झडप ओढायची. पुढे बॉक्स ग्रिलची लाट आली. सगळी खिडकीच पिंजऱ्यात गेली आणि पिंजऱ्यात कुंड्या ठेवल्यामुळे झडप पुरती उघडेना. आमच्या घरी तुळशीची कुंडी आणि डावी झडप यांचा वाद बारा वर्षं चालला आहे. तुळस जिंकते.

माझं मत लपवत नाही. ज्या घराला दहा-बारा इंची भिंत आणि बाहेर ग्रिल आहे, तिथे झडप आत उघडणारीच असावी. छज्जा असेल आणि पाणपट्टी नीट ठोकली असेल तर पावसाचा बाऊ करायला नको.

लाकूड मागे पडलं त्याची कारणं वेगळी. केंद्र सरकारच्या बांधकामांत १९९३ मध्ये लाकूड बंद झालं, ती बंदी २०२० मध्ये उठली. डिसेंबर १९९६ च्या न्यायालयीन आदेशाने जंगलतोडीवर लगाम आला. सागाच्या जागी मलेशियन साल म्हणून विकलं जाणारं लाकूड चौकटींत आलं. आणि मग अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीने आत-बाहेरचा वादच निकालात काढला. बिजागरीच नाही, फक्त चाकं आणि कुलूप. अर्धीच खिडकी उघडते, हे लोकांनी मुकाट्याने चालवून घेतलं. यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकची खिडकी, आल्यावर उघडणारी झडप परत आली, फ्रिक्शन स्टेवर, म्हणजे झडप हवी तिथे धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, आणि एका मुठीने तीन-चार ठिकाणी अडकणाऱ्या कुलपासह. गंगापूर रोडच्या नव्या इमारतींत जर्मन धाटणीची ‘टिल्ट अँड टर्न’, म्हणजे वरून कलणारी आणि दारासारखीही उघडणारी खिडकी, दाखवतात तेव्हा विक्रेता ती काहीतरी नवलाची म्हणून उघडून दाखवतो. ती आत उघडते.

लाकडी खिडकी अजून ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी बसवण्याचं थोडं. मापं दशमान होऊन जमाना झाला, तरी काउंटरवर तीन इंचीच मागतात आणि ७५ मिलिमीटरची बिजागरी मिळते. चार फूट उंचीपर्यंत झडपेला दोन, त्यावर तीन. झडप आणि चौकट यांत एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फट हवी. नवा सुतार मे महिन्यात घट्ट बसवून शाबासकी घेऊन जातो आणि जुलैत झडप फुगून अडकते. मग रंधा मारतात, आणि जानेवारीत त्याच फटीतून गार वारा येतो.

स्क्रूचा घोळ सर्वांत मोठा. हल्ली ड्रिलने झटपट बसतात म्हणून काळे, प्लसच्या डोक्याचे स्क्रू वापरतात. ते जिप्सम बोर्डासाठीचे, कडक पण ठिसूळ. मागच्या पावसाळ्यात आमच्या पश्चिमेच्या झडपेची वरची बिजागरी सैल झाली म्हणून बघितलं, तर तीन स्क्रूंची डोकी तुटून पडली होती आणि दांडे लाकडातच राहिले होते. ते काढता काढता भोकं मोठी झाली. मग काडेपेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून ठोकल्या, रात्रभर वाळू दिल्या, आणि बारीक भोक पाडून नवे स्क्रू हाताने पिळले. पितळी बिजागरीला लोखंडी स्क्रू तर मुळीच लावू नये. पाणी लागलं की दोन धातूंत लोखंड आधी गंजतं. एसएस घेताना ३०४ या प्रतीचं मागावं. स्वस्त २०२ पावसाच्या बाजूला तपकिरी ठिपके धरतं, आणि चुंबक लावून ओळखायची युक्ती इथे चालत नाही, कारण दोन्हींना चुंबक जवळजवळ चिकटतच नाही. बिलावर ३०४ लिहून घ्यायचं.