चर्चिल एमआयटीत बोलले, पण पदवीदानात नव्हे

३१ मार्च १९४९. अमेरिकेतल्या बॉस्टन गार्डन या बंदिस्त क्रीडागृहात तेरा हजारांहून अधिक माणसं बसली आहेत. एरवी इथे बर्फावरची हॉकी चालते. आज व्यासपीठावर विन्स्टन चर्चिल आहेत. ते आता पंतप्रधान नाहीत, ब्रिटनच्या संसदेत विरोधी पक्षनेते आहेत. यजमान आहे नदीपलीकडच्या केंब्रिजमधली एमआयटी, म्हणजे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. आणि कार्यक्रमाचं नाव आहे 'मिड-सेंच्युरी कॉन्व्होकेशन'.

कॉन्व्होकेशन हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं, ते सांगायला नको. काळे झगे, चौकोनी टोप्या, एकेक नाव पुकारलं जाणं, गॅलरीत मान उंचावून बघणारे आईवडील. मीही बऱ्याच वर्षांपूर्वी एका लेखात या कार्यक्रमाचं भाषांतर 'शतकमध्याचा पदवीदान समारंभ' असं करून मोकळा झालो होतो. ते चूक होतं. त्या कार्यक्रमात पदव्या वाटल्या गेल्याच नाहीत. एमआयटीची पदवीदानं मेअखेरीस किंवा जूनमध्ये होतात आणि त्यांना तिथे 'कमेन्समेंट' म्हणतात. १९४९ चं ते कॉन्व्होकेशन आणि दरवर्षीचं कमेन्समेंट या एकाच संस्थेतल्या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. मराठीत त्यांची गल्लत अजूनही होते, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी शब्दांपासून. कॉन्व्होकेशनच्या मुळाशी लॅटिनमधलं 'एकत्र बोलावणं' आहे. इंग्लंडच्या चर्चमध्ये धर्मगुरूंच्या सभेला हे नाव होतं आणि ऑक्सफर्डमध्ये एमए झालेल्या साऱ्या मंडळींच्या सभेलाही. पदवीशी त्याचा थेट संबंध नव्हता. सभा भरली की त्यात जे काही व्हायचं ते होई. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली. पदव्या देण्यासाठी सिनेट बोलवायची, म्हणून त्या बैठकीला कॉन्व्होकेशन म्हणू लागले. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले बीए बाहेर पडले, त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पुढे सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून फोर्टमध्ये जो देखणा सभागार उभा राहिला, त्याचं नावच कॉन्व्होकेशन हॉल. अशा रीतीने 'बोलावणं' मागे पडलं आणि 'पदवी' पुढे आली. आज आपल्याकडे मुलगा 'कॉन्व्होकेशनचा फॉर्म' भरतो तेव्हा तो कुठल्या सभेचं आमंत्रण स्वीकारत नसतो. छापील पदवी-प्रमाणपत्र मिळावं म्हणून तो शुल्क भरत असतो, आणि पुष्कळदा समारंभाला न जाता ते घरपोच मागवतो. तोवर प्रोव्हिजनल सर्टिफिकेटवर भागवतो.

कमेन्समेंट हा शब्द दुसऱ्या वाटेने आला. मध्ययुगातल्या विद्यापीठात पदवी म्हणजे शिकवण्याचा परवाना असे. नवा 'मास्टर' ज्या दिवशी पहिल्यांदा आसनावर बसून शिकवायला लागे, तो त्याचा आरंभ. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाने हा शब्द सांभाळला, तिथली माणसं मॅसॅच्युसेट्सला गेली, आणि हार्वर्डचं पहिलं कमेन्समेंट १६४२ मध्ये नऊ पदवीधरांचं झालं. पुढे सगळ्या अमेरिकेने तोच शब्द उचलला. त्यामुळे पदवीदानाला तिथे 'कमेन्समेंट' हे नाव मिळालं आणि 'कॉन्व्होकेशन' हा शब्द दुसऱ्या कामांसाठी मोकळा राहिला. अनेक अमेरिकी महाविद्यालयांत आजही नव्याने दाखल झालेल्या मुलांच्या स्वागताच्या सभेला कॉन्व्होकेशन म्हणतात. म्हणजे आपल्याकडे ज्या शब्दाने शिक्षण संपतं, त्याच शब्दाने तिकडे ते सुरू होतं. कॅनडात मात्र अर्थ आपल्यासारखाच आहे. तिथे नातवंडाच्या कॉन्व्होकेशनला जाऊन आलेल्या मराठी आजी-आजोबांना यात काहीच वेगळं वाटणार नाही.

आता १९४९ चे ते तीन दिवस. मला वाटतं, मराठी माणसाला ते समजून घ्यायला सगळ्यात जवळचं उदाहरण साहित्य संमेलनाचं आहे. बड्या पाहुण्याचं भाषण, मग दिवसभर निरनिराळ्या मांडवांत परिसंवाद, शेवटी समारोपाचा सोहळा. ३१ मार्चला चर्चिल बोलले. मग परिसंवाद झाले. त्यांचा मुख्य विषय होता विज्ञानाच्या प्रगतीचे समाजावर होणारे परिणाम. मागास राहिलेल्या देशांचं काय करायचं, विद्यापीठ, उद्योग आणि सरकार यांचं नातं कसं असावं, शिक्षणात एकाच विषयाची खोली किती आणि चौफेर वाचन किती, असे प्रश्न होते. 'विज्ञान, जडवाद आणि मानवी आत्मा' या परिसंवादात पदार्थविज्ञानाचे नोबेल विजेते पर्सी ब्रिजमन आणि फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ जॅक मारितँ हे दोघं एका व्यासपीठावर होते. तंत्रज्ञान शिकवणाऱ्या संस्थेने हा विषय मुद्दाम ठेवला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आणि २ एप्रिलला जेम्स किलियन यांनी संस्थेचे दहावे अध्यक्ष म्हणून सूत्रं घेतली. अमेरिकेतला विद्यापीठाचा 'अध्यक्ष' म्हणजे साधारण आपला कुलगुरू.

हे सगळं तेव्हाच का घडलं? दुसऱ्या महायुद्धात एमआयटीची 'रेडिएशन लॅबोरेटरी' हे रडारचं माहेरघर होतं. १९४० मध्ये चर्चिल सरकारने सर हेन्री टिझार्ड यांच्या शिष्टमंडळाबरोबर कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन नावाचं अत्यंत गुप्त उपकरण अमेरिकेला पाठवलं. हातात मावेल एवढ्या त्या वस्तूतून आखूड लहरींचं रडार शक्य झालं, आणि ती प्रयोगशाळा वाढत वाढत सुमारे ४,००० माणसांची झाली. युद्ध संपलं ते अणुबाँबने. मग ज्यांनी हे सगळं तयार केलं त्यांनाच प्रश्न पडला, की आपण कुणाच्या हातात काय दिलं? १९४९ चं कॉन्व्होकेशन त्या प्रश्नासाठी बोलावलेलं होतं. त्याला पदवीदान म्हटलं की हा प्रश्नच दिसेनासा होतो. मग चर्चिल तरुणांना चार उपदेशाचे शब्द सांगायला आलेले एक पाहुणे उरतात.

प्रत्यक्षात ते काय बोलले ते पाहा. सुरुवातीलाच त्यांनी कबूल केलं, की आपल्याला ना तांत्रिक शिक्षण मिळालं ना विद्यापीठाचं. वाटेत जे चार तुकडे हाती लागले तेच आपलं भांडवल. अमेरिकेच्या हाती अणुबाँब नसता तर युरोप केव्हाच साम्यवादी झाला असता, असंही ते म्हणाले. चारच दिवसांनी, ४ एप्रिलला, वॉशिंग्टनमध्ये नाटो करारावर सह्या झाल्या; श्रोत्यांना या वाक्याचं वजन कळत असणार. पण मला त्या भाषणातली निराळीच जागा आवडते. एमआयटीचे मानव्यविद्या विभागाचे डीन जॉन बर्चार्ड यांनी प्रास्ताविकात एक धास्ती बोलून दाखवली होती: विज्ञान लवकरच माणसांचे विचारही नेमकेपणाने ताब्यात ठेवू शकेल. चर्चिल यांनी त्याचा उल्लेख केला आणि म्हणाले, तसं होण्याआधी मी मेलेला असलो तर मला समाधानच वाटेल. पदवी घेऊन निघालेल्या बाविशीतल्या मुलांपुढे हे वाक्य कुणी टाकणार नाही. ते बरोबरीच्या, जाणत्या, शहाण्या माणसांच्या सभेतलं वाक्य आहे. तंत्रज्ञानाच्या एवढ्या मोठ्या संस्थेत मानव्यविद्यांचा डीन ठेवल्याबद्दल त्यांनी मावळते अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन यांना मनापासून शाबासकीही दिली. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, एमआयटीत मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांची स्वतंत्र विद्याशाखा निघाली.

आता कमेन्समेंट. त्याच्या मध्यभागी विद्यार्थी असतो, पाहुणा नाही. पाहुण्याचं भाषण लोकांच्या लक्षात राहतं हे खरं, पण ते काढून टाकलं तरी समारंभ पुरा होतो. नावं पुकारणं काढलं तर काहीच उरत नाही. एमआयटीच्या मुलांची आणखी एक खूण आहे, त्यांच्या बोटातली अंगठी. तिच्यावर संस्थेचं चिन्ह असलेला बीव्हर कोरलेला असतो, आणि मुलं लाडाने तिला 'पितळी उंदीर' म्हणतात. पदवी मिळेपर्यंत ती एका बाजूने घालायची, पदवी मिळाली की तिथेच काढून उलटी फिरवून पुन्हा बोटात सरकवायची. एवढीशी हालचाल, दोन सेकंदांची. पण मुलगा पदवीधर झाला तो क्षण त्यात दिसतो. १९४९ च्या मार्च-एप्रिलच्या त्या तीन दिवसांत असा क्षण कुठेच नव्हता.

मग गोंधळ होतो कशामुळे? एक तर शब्दामुळे, ते झालंच. दुसरं म्हणजे पोशाखामुळे. अमेरिकेत नव्या अध्यक्षाच्या पदग्रहणालाही विद्यापीठांचे प्रतिनिधी झगे घालून मिरवणुकीने येतात. असं छायाचित्र पाहिलं की कुणालाही पदवीदानच वाटणार. आणि तिसरं, गाजलेली भाषणं दोन्हीकडे होतात. मार्शल योजनेचंच घ्या. ५ जून १९४७ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी युरोपला सावरण्याची कल्पना हार्वर्डमध्ये मांडली, आणि तो खराखुरा कमेन्समेंटचा दिवस होता. सकाळी त्यांना मानद पदवी मिळाली, दुपारी माजी विद्यार्थ्यांच्या सभेत ते बोलले. त्यामुळे पाहुणा किती मोठा आणि भाषण किती गाजलं, यावरून समारंभ ओळखता येत नाही. त्या दिवशी विद्यार्थ्यांना पदव्या मिळाल्या का, एवढंच विचारावं.

मानद पदवीचा विषय निघालाच आहे तर एक फरक इथेच सांगतो. हार्वर्डने चर्चिल यांना १९४३ मध्ये मानद पदवी दिली होती. एमआयटीत ते शक्यच नव्हतं. संस्थापक विल्यम बार्टन रॉजर्स यांना मानद पदव्या म्हणजे खैरात वाटे, आणि त्यांच्या काळापासून ही संस्था त्या देत नाही. परीक्षा दिल्याशिवाय, काम केल्याशिवाय पदवी नाही, मग समोर कुणीही असो. म्हणून चर्चिल यांचा मान राखायला दुसरा मार्ग काढावा लागला: त्यांना मानद अध्यापकपद दिलं गेलं. 'चर्चिल यांना एमआयटीची पदवी मिळाली' असं कुठे वाचलंत तर ते याच गोंधळातून आलेलं आहे.

तसा त्या भेटीचा धागा पुढे केंब्रिजपर्यंत, म्हणजे इंग्लंडमधल्या केंब्रिजपर्यंत गेला. ब्रिटनलाही एमआयटीसारखं काहीतरी हवं, हे चर्चिल यांच्या मनात राहिलं, आणि १९६० मध्ये विज्ञान-तंत्रज्ञानाला झुकतं माप देणारं चर्चिल कॉलेज उभं राहिलं. किलियनही पुढे १९५७ मध्ये, स्पुटनिकनंतर, राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांचे विज्ञान सल्लागार झाले.

आपल्या बाजूचा धागा मला जास्त जवळचा. १९४५ मध्ये नलिनी रंजन सरकार यांची समिती नेमली गेली. देशाच्या पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिणेला उच्च तंत्रशिक्षणाच्या संस्था काढाव्यात असं तिने सुचवलं, आणि तिच्यासमोर नमुना होता एमआयटीचा. पहिली संस्था खरगपूरजवळ हिजलीला, ब्रिटिशांच्या बंदी छावणीच्या इमारतीत सुरू झाली. १६ सप्टेंबर १९३१ रोजी याच छावणीत पोलिसांनी बंद्यांवर गोळ्या झाडल्या होत्या आणि संतोषकुमार मित्र व तारकेश्वर सेनगुप्ता हे दोघं मारले गेले होते. पश्चिमेची संस्था म्हणजे आपली पवईची आयआयटी. तिचे वर्ग १९५८ मध्ये वरळीच्या 'सस्मिरा' या कापड-संशोधन संस्थेच्या इमारतीत भरू लागले आणि पवईत कोनशिला बसली ती १० मार्च १९५९ रोजी, पंडित नेहरूंच्या हस्ते.

खरगपूरचं पहिलं कॉन्व्होकेशन झालं २१ एप्रिल १९५६ ला. प्रमुख वक्ते नेहरूच होते. हिजलीच्या बंदी छावणीच्या जागी आज भारताच्या भवितव्याचं एक सुंदर स्मारक उभं आहे, अशा अर्थाचं ते बोलले. आता गंमत अशी, की संस्था घडवली एमआयटीकडे पाहून, पण समारंभाचा शब्द राहिला लंडन-मुंबई-कलकत्त्याच्या परंपरेतला. एमआयटीच्या माणसाला त्या दिवसाचा कार्यक्रम दाखवला असता तर तो म्हणाला असता, हे तर आमचं कमेन्समेंट. आणि सात वर्षांपूर्वीच्या बॉस्टनच्या कार्यक्रमाचं नाव वाचून खरगपूरचा माणूस विचारता, तुमच्याकडे त्या दिवशी किती मुलं पास झाली?

मराठीत काय लिहावं, हा प्रश्न उरतो. कमेन्समेंटला 'पदवीदान समारंभ' चपखल बसतं. हल्ली आपली विद्यापीठं 'दीक्षान्त समारंभ' असं लिहू लागली आहेत. त्यात दीक्षेचा शेवट आहे, अमेरिकी शब्दात आरंभ आहे, पण घटना एकच. आपल्या परंपरेत तिला 'समावर्तन' म्हणत, म्हणजे गुरूच्या घरून स्वतःच्या घरी परत येणं. 'सत्यं वद, धर्मं चर' हा तैत्तिरीय उपनिषदातला उपदेश अनेक पदवीदानांत वाचला जातो, तो त्याच प्रसंगाचा. मला हा शब्द तिन्हींत गोड वाटतो, पण वर्तमानपत्रात तो चालायचा नाही.

१९४९ च्या कॉन्व्होकेशनला यांपैकी एकही शब्द लावू नये. 'विद्वत परिषद' म्हणावं तर तो विद्यापीठ कायद्यातल्या अॅकॅडेमिक कौन्सिलसाठी रुळला आहे, त्यामुळे नवाच घोळ होईल. 'अधिवेशन' म्हटलं की पक्ष आणि विधानसभा आठवते. मी आता 'मध्यशतक संमेलन' असं लिहितो आणि पहिल्या उल्लेखापाशीच कंसात 'हे पदवीदान नव्हे' एवढं टाकतो.