मांजाने कापलेली नस आणि जन्मतःच कमजोर नस

उत्तरायण संपलं की बडोद्यात काही हात बँडेजमध्ये दिसतात. काचेचा मांजा मनगटाशी खोल गेला तर कातडीवर थांबत नाही, आतली मीडियन किंवा अल्नर नर्व्हही (पंजाला हालचाल आणि स्पर्श देणाऱ्या नसा) कापतो. (नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे. ती गच्चीपर्यंत किती पोहोचली, हे १४ जानेवारीच्या संध्याकाळी मान वर केली की कळतं.) नसेला टाके पडतात, काही महिन्यांनी अंगठा हलायला लागतो. मग त्याच घरात जिची पावलं वर्षानुवर्षं बारीक होत चालली आहेत, जिन्यात चप्पल पायातून निसटते, तिला हमखास ऐकवलं जातं, "बघा काकू, ह्याची नस आली ना परत? तुमचीही येईल."

बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण दोन दुखणी एकमेकांत मिसळलेली असतात.

कापलेल्या नसेचं गणित तसं सरळ आहे. नसेतल्या प्रत्येक तंतूची मूळ पेशी मणक्यात किंवा मणक्याजवळ असते, ती जिवंत राहते. तिच्यापासून तुटलेला पुढचा भाग मात्र मरतो. ऑगस्टस वॉलरने १८५० मध्ये हे बेडकांवर दाखवलं. तंतूंना मायलिनचं वेष्टण देणाऱ्या श्वान (Schwann) पेशी तिथला कचरा काढतात, स्वतः वाढतात आणि रांग धरून वाट तयार करतात. वरच्या टोकातून फुटलेले कोंब त्या वाटेने दिवसाला साधारण १ मिलिमीटर पुढे सरकतात. मनगटापासून अंगठ्याच्या स्नायूंपर्यंत अंतर काही सेंटिमीटरच, म्हणून काही महिन्यांत फरक दिसतो. डॉक्टर नसेवर टिचकी मारून मुंग्या कुठवर येतात ते तपासतात, कारण तो बिंदू वाढीबरोबर खाली सरकत जातो. पायाची नस खुब्याशी तुटली असेल तर पावलापर्यंत जवळजवळ मीटरभर वाट, म्हणजे अडीच वर्षांच्या आसपास. आणि वर्ष-दीड वर्ष नसेविना राहिलेला स्नायू हळूहळू तिला स्वीकारेनासा होतो. म्हणजे कापलेली नससुद्धा दरवेळी परत येतेच असं नाही.

काकूंचं दुखणं बहुधा शार्को-मारी-टूथ, म्हणजे सीएमटी, नसांचा जन्मजात आजार. तीन डॉक्टरांनी १८८६ मध्ये त्याचं वर्णन केलं. साधारण २५०० माणसांत एकाला ते असतं, त्यामुळे दुर्मीळ म्हणून बाजूला सारण्यासारखं नाही. सर्वांत जास्त आढळणाऱ्या १ए प्रकारात १७व्या गुणसूत्रावरच्या पीएमपी२२ जनुकाच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. बिघाड श्वान पेशीत असतो. नस कुठे कापलेली नसते, त्यामुळे शिवायला जागाच नसते. दोन्ही बाजूंच्या सगळ्या नसा लहानपणापासून तशाच, आणि ज्या सर्वांत लांब त्या आधी थकतात, म्हणून आधी पावलं, नंतर हात.

बिघाड श्वान पेशीत असतो, ह्याचा सर्वांत सुरेख पुरावा माँट्रियलच्या अल्बर्टो अग्वायो यांच्या प्रयोगात मिळतो, १९७०च्या दशकातल्या. ट्रेम्बलर नावाच्या उंदरांच्या नसांत मायलिन नीट बनत नाही (त्यांच्यातही पीएमपी२२च बिघडलेलं असतं, हे नंतर कळलं). त्यांच्या नसेचा तुकडा निरोगी उंदराच्या नसेत जोडला. निरोगी तंतू त्या तुकड्यातून वाढत गेले. पण तुकड्याच्या आत त्यांच्यावरचं मायलिन पातळ आणि अपुरं, आणि तुकडा ओलांडताच तेच तंतू पुन्हा व्यवस्थित गुंडाळलेले. तंतूला वाढता येत होतं. त्याला सांभाळणारी पेशी सदोष होती. म्हणूनच १ए असलेल्या माणसाला "नस वाढवणारी" गोळी देऊन मूळ दोष जात नाही. नवा तंतू आला तरी त्याच्यावर वेष्टण चढवणार त्याच पेशी.

मग सीएमटीत नसा पुन्हा वाढतच नाहीत का? वाढतात, आणि मला हे सांगणं जास्त महत्त्वाचं वाटतं. मायलिन निखळतं, श्वान पेशी पुन्हा चढवतात, पुन्हा निखळतं. सूक्ष्मदर्शकाखाली तंतूभोवती पेशींचे थर कांद्यासारखे दिसतात. एखादा तंतू मेला की शेजारचा फांदी फोडून त्याचा स्नायू स्वतःकडे घेतो. काकू इतकी वर्षं चालत राहिल्या त्या ह्या डागडुजीवरच. नुकसानीचा वेग तिच्यापेक्षा थोडा जास्त असतो, इतकंच.

नर्व्ह कंडक्शनच्या, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने आणि किती जोरात जातो ते मोजणाऱ्या तपासणीत दोन्हींचं चित्र निराळं दिसतं. मांजाच्या हातात एकच नस बंद, बाकीच्या ठणठणीत. १ए मध्ये सगळ्याच मंद: निरोगी हातात वेग सेकंदाला ५० मीटरच्या वर असतो, इथे २०च्या आसपास. सीएमटीच्या दुसऱ्या प्रकारात दोष मायलिनमध्ये नसून तंतूतच असतो. तिथे वेग जवळपास ठीक आणि संदेश क्षीण. शिवाय वेग मंद म्हणजे माणूस तितकाच अधू, असं नाही. अशक्तपणा ठरतो तो किती तंतू गमावले त्यावर.

बी-१२ची लाल इंजेक्शनं दोघांनाही सारख्याच उत्साहाने टोचली जातात. कमतरता असेल तर ती जरूर घ्यावीत, पण पीएमपी२२ची तिसरी प्रत त्यांनी कमी होत नाही. १ए साठी क जीवनसत्त्वाच्या मोठ्या चाचण्या झाल्या आणि फायदा दिसला नाही. पायाला स्प्लिंट, फिजिओथेरपी, गरज पडली तर पावलाची शस्त्रक्रिया, हे उपयोगी पडतं. आणि कॅन्सरवर उपचार करायची वेळ आली तर डॉक्टरांना सीएमटीबद्दल आधी सांगायचं, कारण विन्क्रिस्टीन हे औषध अशा नसांची गंभीर हानी करू शकतं.

काकूंच्याच हाताला मांजा लागला तर? टाके घालायचेच, तेही लवकर. वाढ मंद असेल असं धरून चालायचं, आणि शेजारच्या मुलाच्या अंगठ्याशी तारखा जुळवत बसायचं नाही.