२^१२७ − १ : हातानं सिद्ध झालेली ३९ अंकी मूळ संख्या

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. ही संख्या म्हणजे २^१२७ − १. ती मूळ आहे हे फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये हातानं आकडेमोड करून दाखवलं. पुढची ७५ वर्षं, १९५१ पर्यंत, हिच्याहून मोठी मूळ संख्या कुणालाच माहीत नव्हती.

२ चा कोणता घात घेऊन १ वजा केला की मूळ संख्या मिळते, याची एक यादी मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनं १६४४ मध्ये दिली होती. १२७ हा घातांक तिच्यात होताच, पण ती यादी भरवशाची नव्हे. तिच्यात ६७ आणि २५७ चुकून आले. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले.

भाग देऊन पाहण्याची सोय नव्हती. या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर तो २५४क + १ या रूपातला हवा आणि ८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरायला हवी. ही चाळणी लावूनही वर्गमुळापर्यंत २५ हजार लाख कोटींहून जास्त आकडे तपासायचे उरतात.

ल्युकांनी विभाजक शोधलाच नाही. ३ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, २^१२७ − १ नं भागून बाकी ठेवा. असं १२५ वेळा. अखेर ० उरलं की काम झालं. (३ ची सुरुवात घातांकाला ४ नं भागून ३ उरत असतील तेव्हाच चालते. १९३० च्या दशकात अमेरिकी गणिती लेहमर यांनी पक्की केलेली कसोटी ४ पासून सुरू होते आणि प्रत्येक विषम मूळ घातांकाला लागू पडते.)

घातांक ७, संख्या १२७ घेऊन पाहा: ३, ७, ४७, ४८, १६, ०. इथे भागाकार असा करावाच लागत नाही. ४७ चा वर्ग २२०९, म्हणजे १७ × १२८ + ३३. १२८ ला १२७ नं भागलं की १ उरतो, म्हणून १७ आणि ३३ नुसते मिळवले की ५०, त्यातून २ गेले, ४८. द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ नं लिहिताना) हे म्हणजे वरचा तुकडा उचलून खालच्यात मिळवणं. म्हणूनच ल्युकांना १२७ × १२७ घरांचा बुद्धिबळासारखा पट पुरला: एका काठावरून बाहेर पडलेला अंक दुसऱ्या काठानं आत येतो.

मेख चुकीत आहे. एक अंक सरकला की पुढच्या सगळ्या बाक्या बिघडतात आणि मूळ संख्याही संयुक्त ठरते. उलट, चुकून ० येणं जवळपास अशक्य. त्यामुळे शून्यावर विश्वास ठेवता येतो, इतर बाकीवर पुन्हा तपासल्याशिवाय नाही. २^६७ − १ संयुक्त असल्याचं ल्युकांनी त्याच वर्षी सांगितलं, पण १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हे अवयव अमेरिकी गणिती कोल यांनी १९०३ मध्ये मांडले.

दर वेळी २ चा आधीच्या संख्येएवढा घात घ्या आणि १ वजा करा. २ पासून ३, ३ पासून ७, ७ पासून १२७, १२७ पासून ही: साखळीतल्या पाचही मूळ. पुढची कडी म्हणजे २ चा हिच्याएवढा घात वजा १. तिचे अंकच ५ × १०^३७ हून जास्त, त्यामुळे ल्युकांची कसोटी तिथे चालवता येत नाही; फक्त लहान विभाजक शोधले जातात, आणि अजून एकही सापडलेला नाही.