नेमकी कसली गाठ?

मामेबहिणीचा फोन आला तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हतं. ओटीपोटात दुखतं म्हणून सोनोग्राफी केली होती. रिपोर्टात लिहिलं होतं, उजव्या अंडाशयात ३.२ सेंटिमीटरची सिम्पल सिस्ट. डॉक्टरांनी पुढे बरंच समजावलं असणार, पण हिच्या कानात एकच शब्द राहिला. "ताई, गाठ आहे गं मला."

मराठीत गाठ म्हटली की काहीतरी टणक डोळ्यांपुढे येतं आणि त्यामागोमाग कॅन्सर. सिम्पल सिस्ट म्हणजे पातळ आवरणाची, पाण्याने भरलेली पिशवी. अंडाशय तर अशी पिशवी दर महिन्याला स्वतःच घडवतं. मोठ्या बदामाच्या आकाराचा हा अवयव, लांबी जेमतेम ३ सेंटिमीटर. पाळी आली की त्यातल्या काही बीजपुटिका, म्हणजे स्त्रीबीज असलेल्या इवल्या पिशव्या, वाढू लागतात. त्यांतली एक पुढे जाते, बाकीच्या जिरतात. पुढे गेलेली फुगून बोराएवढी, साधारण २ सेंटिमीटरची होते आणि फुटते. त्यातून स्त्रीबीज बाहेर पडतं. कधी ती फुटायची राहते आणि फुगतच जाते. कधी फुटून झाल्यावर तिचं तोंड मिटतं आणि आत पाणी किंवा थोडं रक्त साचतं. झाली सिस्ट. पाळी चालू असलेल्या वयात अशा बहुतेक सिस्ट दोन-तीन पाळ्यांत आपणहून जातात. गोळ्यांनी त्या लवकर जात नाहीत, म्हणून डॉक्टर 'थांबू, पुन्हा सोनोग्राफी करू' म्हणतात तेव्हा ते टाळाटाळ करत नसतात. बहिणीची तिसऱ्या महिन्यात दिसली नाही.

सगळ्याच गाठी अशा नसतात. चॉकलेट सिस्टमध्ये जुनं, घट्ट झालेलं रक्त असतं. ती एंडोमेट्रिऑसिसची खूण, म्हणजे गर्भपिशवीच्या आतल्यासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढण्याची. पाळीत एखादीला कळा असह्य होत असतील तर 'सगळ्यांनाच दुखतं' म्हणून तिला गप्प बसवू नये. डर्मॉइड नावाच्या गाठीत चरबी, केसांचे पुंजके, क्वचित दातही सापडतो. ऐकून अंगावर काटा येतो, पण यात बाहेरचं काही नाही. बीज घडवणाऱ्या पेशीत शरीराचा कुठलाही भाग बनवण्याची ताकद असते, ती भलत्या वेळी जागी झाली इतकंच. पीसीओडीतल्या 'गाठी' तर गाठीच नव्हेत. वाढ मध्येच थांबलेल्या, २ ते ९ मिलिमीटरच्या त्या बीजपुटिका असतात. मूळ दुखणं हार्मोन्सचं आहे. त्या काढून पीसीओडी बरा होत नाही.

एका बाजूला अचानक जोराची कळ आली, सोबत उलट्या झाल्या, तर मात्र सकाळची वाट बघू नका. गाठीच्या वजनाने अंडाशयाला पीळ बसून त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. वेळेत पीळ सोडवला तर ते वाचतं. पाळी कायमची गेल्यानंतर गाठ दिसली, किंवा गाठीत घन भाग असला, तर नीट तपास हवाच. कॅन्सरच्या शंकेने करतात ती सीए-१२५ ही रक्ततपासणी तरुण वयात एकटी फारसं सांगत नाही. ती एंडोमेट्रिऑसिसमध्ये, अगदी पाळीतही वाढलेली दिसते.

हे सगळं इतक्या कळकळीने लिहिते आहे ते बीडमुळे. २०१९ मध्ये सरकारी समितीने तिथल्या ८२ हजारांवर ऊसतोड कामगार बायकांची पाहणी केली. १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यांत चाळिशी न गाठलेल्याही होत्या, आणि कॅन्सर होईल या भीतीने ऑपरेशनला तयार झालेल्याही. गर्भपिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं गेली, तर पाळी जाण्याचं वय त्याच दिवशी येतं आणि हाडं अकाली ठिसूळ होऊ लागतात.

म्हणून रिपोर्ट हातात आला की घाबरण्याआधी डॉक्टरांना विचारा. गाठ अंडाशयाला आहे की गर्भपिशवीला? पाण्याची की घन? किती सेंटिमीटरची? तीन महिने थांबलं तर काय होईल? आणि काढायचीच असेल तर फक्त गाठ काढणार, की अंडाशयही?