ग्रुपी-आत्मकथन

रॉक बँडच्या मागे फिरणाऱ्या, वादकांशी मैत्री आणि बऱ्याचदा शरीरसंबंध ठेवणाऱ्या तरुणींना १९६० च्या दशकात ‘ग्रुपी’ हे नाव पडले. नाव हिणवणारेच. अशा एखादीने हे आयुष्य आडपडदा न ठेवता, समोरच्याच्या खऱ्या नावानिशी लिहिले की ते ग्रुपी-आत्मकथन. त्यातले सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे पामेला डे बार यांचे ‘आय’म विथ द बँड’ (१९८७).

पामेला (लग्नाआधीची मिलर, जन्म १९४८) लॉस एंजेलिसच्या रेसीडा उपनगरात वाढली. शाळेत असताना बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीचे वेड, मग सनसेट स्ट्रिप या क्लबांच्या रस्त्यावरच्या ‘व्हिस्की अ गो गो’ची वाट. रॉक संगीतकार फ्रँक झॅपाच्या घरी ती मुले सांभाळायची. झॅपानेच तिचा आणि तिच्या मैत्रिणींचा ‘जीटीओज’ हा गायनगट उभा केला आणि १९६९ मध्ये त्यांचा अल्बमही काढला. म्हणजे ती नुसती स्टेजमागे ताटकळणारी नव्हती. फेब्रुवारी १९६९ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ या संगीत-नियतकालिकाने ग्रुपींवर विशेषांक काढला, तेव्हा ही मंडळी छायाचित्रांसह देशभर पोहोचली.

रोलिंग स्टोन्सचा मिक जॅगर, लेड झेपलिनचा जिमी पेज ही नावे पाहून पुस्तक हातात घेणारे पुष्कळ, आणि तेवढीच पाने चाळून ठेवून देणारेही पुष्कळ. त्यांचे नुकसान होते. शृंगाराची वर्णने बिनधास्त आहेत खरी, पण पुस्तकाचा जीव आहे तो किशोरवयापासून लिहिलेल्या रोजनिशीत. तिच्या नोंदी जशाच्या तशा मध्ये येतात: उतावळ्या, भाबड्या, कधी चक्क हास्यास्पद. वादकांसाठी हौसेने शर्ट शिवणारी मुलगी तिथे दिसते, आणि दौरा पुढच्या शहरात गेल्यावर मागे उरलेलीही. चाळिशीच्या उंबरठ्यावरची लेखिका त्या मुलीला हसते, पण तिची लाज बाळगत नाही.

आज हे वाचताना एक खडा दाताखाली येतोच. १९७० च्या दशकात स्ट्रिपवर वावरणाऱ्या काही मुली चौदा-पंधरा वर्षांच्या होत्या, आणि कॅलिफोर्नियात संमतीचे वय तेव्हाही १८ होते. त्या काळाकडे ‘मोकळेपणा’ म्हणून पाहणाऱ्या लेखनात हा हिशेब सहसा मांडलेला नसतो. पामेला यांनी स्वतःला बळी मानायला मात्र सतत नकार दिला आहे. २००७ च्या पुस्तकात त्यांनी इतर ग्रुपींना बोलते केले. बायकांना आत्मकथन लिहायला शिकवणाऱ्या कार्यशाळाही त्यांनी घेतल्या.