सॅमनची माशी आणि आपला रानकोंबडा

सॅमन काही विदर्भात सापडत नाही. तो अटलांटिकचा मासा, अंडी घालायला समुद्रातून स्कॉटलंड-नॉर्वेच्या नद्यांत चढतो. पण त्याला पकडायला गळावर पिसं-धागे हाताने बांधून केलेल्या बनावट माशीचा इतिहास चाळला की मेळघाटातही दिसणारा करडा रानकोंबडा भेटतोच.

नदीत शिरलेला सॅमन जवळजवळ खातच नाही. तरी समोरून रंगीत काही सरकलं तर झडप घालतो. चिडून की जुन्या सवयीने, हा वाद गळवाल्यांत अजून चालूच आहे. म्हणून या माशीला खऱ्या किड्यासारखं दिसायची गरजच नव्हती. एकोणिसाव्या शतकात व्यापारी जहाजांतून जगभरची पिसं ब्रिटनला पोचली आणि माशा भपकेबाज होत गेल्या. गळवाला लेखक जॉर्ज केल्सनच्या १८९५ च्या पुस्तकात अशा माशा बांधायच्या कृती आहेत. तेव्हाच्या गळांना दोरी ओवायला वर भोक नसे. रेशीमकिड्याच्या ग्रंथी ताणून केलेल्या धाग्याचा फास आधी गळावर आवळायचा, मग शेपूट, रेशमी अंग, जरीचे वेढे, पंख. शेवटी दोन्ही बाजूंना रानकोंबड्याच्या मानेचं एकेक पीस. त्यावरचा मेणासारखा चकचकीत पिवळट ठिपका माशीचा डोळा ठरे. 'जॉक स्कॉट' या गाजलेल्या माशीतही ते आहेच.

पिसं खोवलेल्या टोप्यांच्या फॅशनने पिसांची मागणी आणखी भडकली. अखेर १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांच्या पिसांची निर्यात बंद केली, १९२१ मध्ये ब्रिटनने आयातबंदीचा कायदा केला. चोरटा व्यापार मात्र थांबला नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीलाही चाप लावला. शौक किती टोकाला जातो बघा: २००९ मध्ये इंग्लंडच्या ट्रिंग इथल्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीला गेली, माशा बांधणाऱ्यांना विकायला!

आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर मरळीसाठी गळाला जिवंत बेडकी लावतात. युक्ती तीच, हलणारं काही दिसलं की मासा झेपावतो. घरी माशी बांधून बघायचीच असेल तर गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं, रंगीत रेशीम आणि थोडी जरतार पुरे. आपोआप गळलेलं मोरपीसही चालतं. त्याच्या हिरव्या तंतूंचं अंग झकास होतं. फक्त ते देशाबाहेर पाठवता येत नाही.